थरांतला उजेड : स्तरित पेरोव्स्काइट अर्धवाहकांची ओळख

२२ जुलै २०२१ ची रात्र महाड-पोलादपूर परिसरातील कोणीही विसरणार नाही. सावित्री आणि गांधारी नद्यांनी महाड शहर वेढले होते. तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. करोनामुळे आपले वसतिगृह त्या वेळी रिकामे होते, म्हणून खालच्या वस्तीतील काही कुटुंबे शाळेच्या वर्गांत उतरली होती. वीज गेलेली, रस्ते तुटलेले. उजेड होता तो काही मोबाइलांचा आणि एका बॅटरीचा. त्या रात्री एका वृद्ध मातेने माझ्या हातातील मोबाइलच्या दिव्याला बोट लावून पाहिले आणि विचारले, "गुरुजी, हा दिवा तापत न्हाय. मग उजेड येतो कशातून?"

मी म्हणालो, "बॅटरीतून, आजी."

"बॅटरीतून वीज येते. मी उजेडाचं विचारते."

मी इतिहासाचा शिक्षक आहे. माझ्याकडे उत्तर नव्हते आणि ती वेळही उत्तर शोधण्याची नव्हती. परंतु प्रश्न मनात राहिला. पुढे आपल्या विज्ञानशिक्षकांकडून आणि पुण्यात भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थिनीकडून मी तो समजून घेत गेलो. त्या ओघात एका नव्या पदार्थकुळाची ओळख झाली. त्याचे नाव स्तरित संकरित पेरोव्स्काइट. या पदार्थांतून उजेड कसा निघतो, हे सर्वसामान्य वाचकाला उमजेल अशा भाषेत मांडणे हा या लेखाचा हेतू आहे. आजीचा प्रश्न किती अचूक होता, हेही त्यातून ध्यानात येईल.

ऊन उजेड आणि थंड उजेड

मानवाने हजारो वर्षे जो उजेड वापरला तो उष्णतेचा होता. चूल, मशाल, पणती, कंदील आणि तारेचा जुना बल्ब या सर्वांत पदार्थ तापतो आणि तापल्यामुळे प्रकाशतो. जुन्या बल्बमध्ये विजेचा फार मोठा भाग उष्णतेच्या रूपाने वाया जात असे आणि उजेड त्यातील थोडासा असे.

एलईडी दिव्याची रीत निराळी आहे. त्याच्या पोटात अर्धवाहकाचा इवलासा तुकडा असतो. अर्धवाहकात इलेक्ट्रॉनांसाठी ऊर्जेच्या दोन पायऱ्या असतात. आपल्या डोंगरउतारावरील नाचणीच्या शेतीत जसे वरचे आणि खालचे खाचर असते आणि दोहोंच्या मध्ये उभा बांध असतो, तसेच काहीसे हे आहे. या बांधाच्या उंचीला ऊर्जा-अंतर म्हणतात. इलेक्ट्रॉन एरवी खालच्या पायरीवर असतात. वीज किंवा प्रकाश यांच्याकडून ऊर्जा मिळाली की एखादा इलेक्ट्रॉन वर जातो आणि खाली त्याची जागा रिकामी राहते. या रिकाम्या जागेला पोकळी म्हणतात. ती धन विद्युतभाराप्रमाणे वागते. इलेक्ट्रॉन पुन्हा खाली येऊन पोकळी भरतो, तेव्हा दोन पायऱ्यांमधील ऊर्जा प्रकाशाच्या एका कणाच्या रूपाने बाहेर पडते. बांध उंच असेल तर प्रकाश निळा किंवा जांभळा, कमी उंच असेल तर लाल. पदार्थ लाल होईपर्यंत तापवण्याची गरजच उरत नाही. आजीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे.

आज घरोघरी असलेल्या पांढऱ्या एलईडीमागे गॅलियम नायट्राइड हा अर्धवाहक आहे. त्यापासून कार्यक्षम निळा दिवा तयार करण्यासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या दिव्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप दिला की दोन्ही मिळून पांढरा उजेड दिसतो. दिवा उत्तम आहे, मात्र गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवण्यासाठी सुमारे हजार अंश तापमान आणि महागडी यंत्रे लागतात. पेरोव्स्काइट अर्धवाहक मात्र द्रावणातून, साध्या खोलीच्या तापमानाला किंवा शंभर अंशांच्या आसपास तयार होऊ शकतात. मिठाच्या पाण्यातून मिठाचे खडे जमावेत तसे त्यांचे स्फटिक द्रावणातून जमतात. जगभरातील प्रयोगशाळांना त्यांचे आकर्षण वाटते ते मुख्यतः यामुळे.

नाव आणि रचना

पेरोव्स्काइट हे मुळात एका खनिजाचे नाव. १८३९ साली रशियातील उरल पर्वतात सापडलेल्या कॅल्शियम टायटेनेटच्या या खनिजाचे वर्णन जर्मन शास्त्रज्ञ गुस्ताव रोझ यांनी केले आणि लेव्ह पेरोव्स्की या रशियन अधिकाऱ्याचे नाव त्याला दिले. पुढे अणूंची तशीच मांडणी असलेल्या सर्वच पदार्थांना हे नाव लागले. १९७८ साली जर्मनीतील डीटर वेबर यांनी शिसे, हॅलोजन आणि एक छोटा सेंद्रिय रेणू यांचे पेरोव्स्काइट तयार केले. २००९ साली जपानमधील त्सुतोमू मियासाका यांच्या गटाने अशा पदार्थांपासून सौरघट बनवला. त्याची कार्यक्षमता चार टक्क्यांहूनही कमी होती, परंतु त्यानंतरच्या दशकभरात हा आकडा वीस टक्क्यांच्या पुढे गेला आणि हे नाव सर्वतोमुखी झाले.

आपल्या विषयातील स्तरित पेरोव्स्काइट हे त्याच घराण्याचे. त्याची रचना डोळ्यांसमोर आणायची तर पदर सुटणारी घडीची पोळी आठवावी. शिशाचा एक अणू मध्ये आणि त्याच्या सहा बाजूंना आयोडीनचे सहा अणू, असा आठ पृष्ठभागांचा अष्टफलक तयार होतो. असे असंख्य अष्टफलक कोपऱ्याला कोपरा जोडून एक सपाट चादर बनते. या चादरीच्या वर आणि खाली सेंद्रिय रेणूंचे अस्तर असते. या रेणूंचे डोके नायट्रोजनचे आणि धन भाराचे असते. ते चादरीला धरून बसते. कार्बनची शेपटी बाहेरच्या बाजूस राहते. शेजारच्या चादरीवरील रेणूंच्या शेपट्याही तशाच बाहेर येतात आणि दोन्हींच्या शेपट्या एकमेकींना हलकेच टेकतात. शेपट्यांमधील हे आकर्षण दुबळे असल्यामुळे स्फटिकाचे थर अभ्रकासारखे सोलता येतात.

अकार्बनी चादर आणि सेंद्रिय अस्तर अशी दोन स्वभावांची द्रव्ये एकाच स्फटिकात नांदतात, म्हणून हा पदार्थ संकरित. चादर वीज वाहू देते, अस्तर देत नाही. चार कार्बनांची साखळी असलेले ब्युटिलअमोनियम आणि बेंझिनचे कडे असलेले फेनेथिलअमोनियम ही अस्तरासाठी नेहमी वापरली जाणारी दोन द्रव्ये आहेत. नुसती चादर सुमारे ०.६ नॅनोमीटर जाडीची असते. ब्युटिलअमोनियमच्या अस्तरासह एक थर धरला तर तो सुमारे १.४ नॅनोमीटर होतो. वहीच्या एका पानाच्या जाडीत असे सत्तर हजारांच्या आसपास थर मावतील.

घट्ट बांधलेली जोडी

वर गेलेला इलेक्ट्रॉन आणि खाली राहिलेली पोकळी यांचे विद्युतभार विरुद्ध असल्याने त्यांच्यात आकर्षण असते. कधी कधी ती दोघे एकमेकांभोवती बांधली जातात. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. प्रकाश-उत्सर्जनाच्या दृष्टीने ही जोडी फार महत्त्वाची आहे, कारण इलेक्ट्रॉन आणि पोकळी जवळ राहिली तर त्यांचे मीलन होऊन प्रकाश निघण्याची शक्यता वाढते.

अडचण उष्णतेची असते. खोलीच्या तापमानाला प्रत्येक कणाला साधारण २५ मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट इतक्या ऊर्जेचे धक्के बसत असतात. थर नसलेल्या, सलग पेरोव्स्काइटमध्ये जोडीचे बंधन दहा-वीस मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टांच्या घरात असते. म्हणजे धक्का बंधनापेक्षा मोठा ठरतो आणि जोडी सुटते. स्तरित पेरोव्स्काइटमध्ये हेच बंधन साधारणपणे दोनशे ते चारशे मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट असते. खोलीच्या उष्णतेचा धक्का त्यापुढे किरकोळ ठरतो आणि जोडी टिकून राहते.

बंधन इतके बळकट होण्याची कारणे दोन. पहिले कारण जागेचे. वरखाली अस्तराच्या भिंती असल्यामुळे जोडीला फक्त चादरीच्या पातळीतच फिरता येते. भौतिकशास्त्रज्ञ अशा रचनेला क्वांटम विहीर म्हणतात, आणि हे नाव चपखल आहे. आदर्श स्थितीत केवळ या कोंडीमुळे बंधन चौपट होऊ शकते. परंतु येथे वाढ चौपटीपेक्षा पुष्कळ अधिक आहे. त्यामागे दुसरे कारण आहे. महाडच्या भर बाजारात आपण मित्राला हाक मारली तर मधल्या गर्दीत आवाज विरतो, मोकळ्या माळावर मात्र तीच हाक स्पष्ट पोहोचते. दोन विद्युतभारांच्या आकर्षणालाही मधले माध्यम असेच क्षीण करते. शिसे-आयोडीनची चादर ते बरेच क्षीण करते, सेंद्रिय अस्तर फारच कमी. जोडीच्या आकर्षणाच्या रेषा चादरीबाहेर पडून अस्तरातूनही जातात आणि तेथे त्यांना अडवणारे फारसे कोणी नसते. म्हणून बंधन दृढ होते.

प्रकाश देणारी जोडी अशी बांधलेली असल्याने निघणारा रंग नेमका आणि शुद्ध असतो. १९९४ साली जपानमधील संशोधकांनी फेनेथिलअमोनियम लेड आयोडाइड वापरून वीज दिली की प्रकाशणारा दिवा तयार केला. त्याचा रंग हिरवा होता आणि तरंगलांबी सुमारे ५२० नॅनोमीटर. उजेड चांगला प्रखर होता, मात्र त्यासाठी दिवा द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावा लागला. खोलीच्या तापमानाला उजेड क्षीण होत असे. जोडी टिकते, तरी तिची ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेत जिरवणाऱ्या इतर वाटा स्फटिकात असतात. दोष असलेल्या जागा आणि अणूंची थरथर ही त्यांतील मुख्य कारणे होत. घट्ट बंधन उजेडासाठी अनुकूल आहे, पण ते एकटे पुरेसे नाही, हे येथे लक्षात ठेवावे.

रंग कसा बदलतो

या पदार्थांत रंग ठरवण्याचे दोन सोपे मार्ग आहेत. पहिला मार्ग द्रव्य बदलण्याचा. आयोडीनचा स्फटिक हिरवा प्रकाश देतो. आयोडीनच्या जागी ब्रोमीन घातले तर प्रकाश जांभळ्या-निळ्या बाजूला जातो आणि क्लोरीन घातले तर तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील भागाकडे सरकतो. शिशाऐवजी कथील आणि आयोडीन घेतले तर तांबडा प्रकाश मिळतो.

दुसरा मार्ग चादरीची जाडी बदलण्याचा. दोन अस्तरांच्या मध्ये अष्टफलकांची एकच चादर असेल तर प्रकाश हिरवा, दोन चादरी एकमेकींवर जोडलेल्या असतील तर पिवळसर, तीन असतील तर नारिंगी-तांबड्याकडे झुकणारा. चादरी वाढवत सलग पेरोव्स्काइटपर्यंत गेले की तरंगलांबी सुमारे ७७० नॅनोमीटर होते, म्हणजे दृश्य तांबड्याच्या अगदी काठावर. द्रव्ये जवळपास तीच, रंग मात्र हिरव्यापासून गडद तांबड्यापर्यंत. तुणतुण्याची तार आखूड केली की स्वर चढतो, तशी इलेक्ट्रॉनची जागा आखूड केली की त्याच्या प्रकाशाची ऊर्जा चढते.

जाडीच्या या गुणधर्माचा उपयोग करून २०१६ च्या सुमारास संशोधकांनी उजेड वाढवण्याची युक्ती साधली. एकाच पातळ थरात एक चादरीचे, दोन चादरींचे आणि त्याहून जाड असे तुकडे मिसळले, तर जोड्यांची ऊर्जा पातळ तुकड्यांकडून जाड तुकड्यांकडे वाहते. पोलादपूरच्या डोंगरांवरील लहान ओढे उतरत उतरत सावित्रीला मिळतात, तसा हा प्रवाह आहे. शेवटच्या तुकड्यांत ऊर्जा एकवटते आणि दोष तिला गिळण्याच्या आतच प्रकाश निघतो. या रीतीने खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या दिव्यांची कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या पुढे गेली.

पुण्यातील एक प्रयोग

ही सारी नावे जपान, जर्मनी, अमेरिकेची वाटतात. पण आपल्या घाटापलीकडे पुण्यातही या विषयाचे महत्त्वाचे काम झाले आहे, आणि माजी विद्यार्थिनीने ते माझ्या निदर्शनास आणले तेव्हा मला विशेष आनंद झाला. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतील, म्हणजे २००६ साली स्थापन झालेल्या आयसरमधील अंशुमन नाग यांचा गट आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील शैलजा महामुनी यांनी सहकाऱ्यांसह २०१८ साली ब्युटिलअमोनियम लेड आयोडाइडच्या स्फटिकावरील अभ्यास 'एसीएस एनर्जी लेटर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला.

प्रश्न असा होता. एकाच प्रकारच्या थरांचा स्फटिक असेल, तर त्याने एकाच रंगाचा प्रकाश द्यावा अशी अपेक्षा असते. पण या स्फटिकातून दोन वेगवेगळ्या ऊर्जांचा प्रकाश येत होता. एक नेहमीचा हिरवा, दुसरा त्याहून कमी ऊर्जेचा. असे काही दिसले की सहज म्हणता येते, स्फटिकात भेसळ असेल, दोष असेल. त्यांनी तेवढ्यावर विषय संपवला नाही. स्फटिकाचे थर सोलून त्याचे अधिकाधिक पातळ तुकडे केले आणि प्रत्येक जाडीला प्रकाश तपासला. थर कमी होत गेले तसा कमी ऊर्जेचा प्रकाश मावळत गेला. यावरून त्यांनी असे सुचवले की, स्फटिकाच्या पृष्ठभागाजवळील थर आणि आतले थर यांचे ऊर्जा-अंतर एकसारखे नसावे. आतल्या थराला दोन्ही बाजूंनी शेजार असतो, बाहेरच्याला तसा नसतो, आणि शेजाराचा परिणाम प्रकाशावर होत असावा.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला या अभ्यासात सर्वांत भावलेली गोष्ट त्याच्या शीर्षकात आहे. शीर्षकाचा आरंभच 'संभाव्य' या अर्थाच्या शब्दाने होतो. स्वतः प्रयोग केला, स्वतः मोजले, तरीही निष्कर्षाला त्यांनी 'संभाव्य' म्हटले. अशा दुहेरी प्रकाशाची इतरही स्पष्टीकरणे शास्त्रज्ञांनी मांडली आहेत. जाड स्फटिकात निघालेला प्रकाश बाहेर येता येता त्याच स्फटिकात पुन्हा शोषला जातो आणि त्यामुळे त्याचा रंग सरकतो, हे एक. स्फटिकातील दोषांच्या जागी अडकलेल्या जोड्या कमी ऊर्जेचा प्रकाश देतात, हे दुसरे. वाद पुराव्याने चालतो, आणि कोणत्या तापमानाला, कोणत्या जाडीला, कोणत्या बाजूने पाहिले हे सांगून चालतो. अमुक मोठा माणूस म्हणाला म्हणून तेथे काही मान्य होत नाही. आपल्या मुलांना विज्ञानातून घेण्यासारखा हा मोठा संस्कार आहे.

पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. २०१४ साली त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. १८४८ साली ज्या पुण्यात मुलींना अक्षर शिकवण्यासाठी सावित्रीबाईंना अंगावर शेणचिखल झेलावा लागला, त्याच शहरात त्यांच्या नावाच्या विद्यापीठात स्त्री-शास्त्रज्ञ प्रकाशाचे संशोधन करते आणि आपल्या वसतिगृहातून गेलेली मुलगी तो विषय मला शिकवते. या वस्तुस्थितीवर वेगळे भाष्य करण्याची मला आवश्यकता वाटत नाही.

पांढरा उजेड

आतापर्यंत पाहिलेला प्रकाश एकेका शुद्ध रंगाचा होता. २०१४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात हेमामाला करुणादास यांच्या गटाने काही स्तरित ब्रोमाइड पेरोव्स्काइटांतून एकाच पदार्थापासून पांढरा प्रकाश मिळतो, असे दाखवले. करुणादास यांचा जन्म श्रीलंकेतील कोलंबोचा.

एका पदार्थातून पांढरा प्रकाश निघणे नवलाचे आहे, कारण पांढऱ्यात अनेक रंग असतात. त्याचे कारण स्फटिकाच्या मऊपणात आहे. कापसाच्या मऊ गादीवर माणूस बसला की गादी दबते आणि तो त्या खळग्यात रुतून बसतो. मऊ स्फटिकात जोडी तयार झाली की आजूबाजूचे अणू आपल्या जागेवरून थोडे सरकतात आणि जोडी स्वतःच केलेल्या खळग्यात अडकते. अडकलेल्या जोडीची काही ऊर्जा खळगा करण्यात खर्च झालेली असते, म्हणून तिचा प्रकाश कमी ऊर्जेचा निघतो. अणू सतत थरथरत असल्याने त्या प्रकाशात अनेक तरंगलांबी येतात. त्यांचा मेळ डोळ्याला पांढरा दिसतो. चादर सपाट न राहता पन्हाळी पत्र्यासारखी वळलेली किंवा वेडीवाकडी झालेली असेल, तर असा विस्तृत प्रकाश अधिक मिळतो. निळा दिवा आणि पिवळा लेप अशी जोडजमव न करता पांढरा उजेड देणारे द्रव्य म्हणून याकडे पाहिले जाते.

शिसे आणि पाणी

येथवर गुण सांगितले. दोष झाकून ठेवले तर लेख अपुरा राहील.

पहिला दोष टिकाऊपणाचा. पेरोव्स्काइट ओलाव्याने बिघडते. ज्या महाडच्या चवदार तळ्याचे पाणी मिळवण्यासाठी आपल्या पूर्वजांना १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, त्याच महाडच्या पावसाळी हवेत हा स्फटिक उघडा ठेवला तर तो तग धरणार नाही. स्तरित प्रकार या बाबतीत सलग प्रकारापेक्षा बरा आहे, कारण त्याचे अस्तर पाण्याला काहीसे दूर ठेवते. म्हणूनच सौरघटांतील सलग पेरोव्स्काइटवर स्तरित पेरोव्स्काइटचा पातळ थर देऊन त्याचे आयुष्य वाढवण्याचे प्रयोग होतात. तरीही बाजारातील एलईडी जशी वर्षानुवर्षे चालते, तशी टिकाऊ पेरोव्स्काइट एलईडी अद्याप व्हायची आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. चांगला प्रकाश देणाऱ्या बहुतेक पेरोव्स्काइटांत शिसे आहे. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शरीरातील शिशाचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. भारतात २००० साली पेट्रोलमधून शिसे हद्दपार झाले आणि घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी मर्यादा घातली. दिव्यातील थर अत्यंत पातळ असल्याने एका दिव्यातील शिसे थोडे असते, हे खरे. तथापि दिवा कोठे तयार होतो, ते द्रावण कोण हाताळतो आणि फुटलेला दिवा शेवटी कोणत्या कचऱ्यात जातो, हे प्रश्न उरतात. महाडच्या रासायनिक औद्योगिक वसाहतीच्या शेजारी राहणाऱ्या, तेथे पाळीवर जाणाऱ्या पालकांना हे प्रश्न पुस्तकी वाटणार नाहीत. कचरा वेचणारे हात बहुधा कोणत्या वस्त्यांतले असतात, हेही आपण जाणतो. शिशाऐवजी कथील वापरण्याचे प्रयत्न चालू आहेत, परंतु कथील हवेतील ऑक्सिजनने लवकर बिघडते. निर्धोक आणि टिकाऊ द्रव्य शोधणे हे पुढच्या पिढीचे काम आहे. ती पिढी आपल्या वर्गांतही बसलेली आहे.

उजेड कोणाचा

विजेचा प्रश्न हा सामाजिक प्रश्न आहे, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार पूर्वी ओळखले होते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज हा विषय त्या खात्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये सार्वजनिक बांधकाम आणि विद्युतशक्ती यांविषयीच्या धोरण समितीपुढे अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक असण्याची निकड मांडली. उद्योगीकरणावाचून दारिद्र्याच्या चक्रातून लोकांची सुटका नाही आणि विजेवाचून उद्योगीकरण नाही, असा त्यांच्या विचाराचा आशय होता. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळाची स्थापना याच काळात झाली.

म्हणून नवा दिवा प्रयोगशाळेत किती झळकतो, एवढे पाहून आपले काम संपत नाही. तो कोणाच्या घरात पोहोचतो, किती विजेत चालतो, पुराच्या रात्री उपयोगी पडतो की नाही, आणि त्याची किंमत कोणाच्या आरोग्याने चुकवली जाते, हेही विचारायचे असते.

मुलांनी केलेला प्रयोग

शाळेत पेरोव्स्काइट आणता येणार नाही, शिशामुळे आणूही नये. पण प्रकाश शोषून प्रकाश देण्याचा धर्म साध्या वस्तूंतही दिसतो. गेल्या वर्षी आठवीच्या मुलांनी नोटा तपासण्याचा अतिनील दिवा एका दुकानदाराकडून मागून आणला. अंधाऱ्या खोलीत धुण्याच्या पावडरीने धुतलेला पांढरा सदरा निळसर चमकला. हात निर्जंतुक करण्याच्या द्रावात चिमूटभर हळद मिसळली, तर ती हिरवट-पिवळी उजळली. दिवा बंद करताच उजेडही गेला. दिव्याकडे थेट पाहायचे नाही, हा नियम मुलांनी कटाक्षाने पाळला.

त्या वर्गात आजींची नात आहे. पालकसभेला आजी आल्या तेव्हा नातीने त्यांना हळदीचा प्रयोग दाखवला आणि वरच्या-खालच्या खाचराचे उदाहरण देऊन इलेक्ट्रॉनची गोष्ट सांगितली. आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग तो वर चढलाच न्हाय, तर?"

नात म्हणाली, "तर अंधार, आजी."

अभ्यासासाठी प्रश्न

१. तारेचा जुना बल्ब आणि एलईडी यांतून उजेड निघण्याच्या रीतींत कोणता फरक आहे?

२. स्तरित पेरोव्स्काइटमध्ये एक्सायटॉनचे बंधन बळकट का असते? दोन कारणे लिहा.

३. द्रव्ये जवळपास तीच ठेवून केवळ चादरींची संख्या वाढवली, तर प्रकाशाचा रंग कोणत्या दिशेने सरकतो आणि का?

४. पुण्यातील अभ्यासकांनी स्फटिकाचे थर का सोलले? शीर्षकात 'संभाव्य' अशा अर्थाचा शब्द वापरण्यामागचे कारण आपल्या शब्दांत सांगा.

५. आपल्या घरातील बंद पडलेले दिवे, बॅटऱ्या आणि मोबाइल शेवटी कोठे जातात, याची आपल्या वस्तीत चौकशी करून एक पानाचा अहवाल तयार करा.

पाचव्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही. माजी विद्यार्थी आणि पालक यांनी मुलांसोबत बसून ते शोधावे आणि शाळेकडे पाठवावे, ही नम्र विनंती.